फाल्गुन-चैत्रातला नदीकाठ: फुले कुठे आणि कशी बघावीत

गोव्यात रानफुले बघायची म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सप्टेंबरमधले सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारे, येतात. चवथीच्या सुमारास जांभ्या दगडावर पसरलेली ती निळी-पिवळी फुले खरीच देखणी, पण मार्चमध्ये त्याच सड्यावर गेलात तर करपलेले गवत आणि तळवे भाजणारा दगड याखेरीज हाती काही लागत नाही. मग लोक म्हणतात, आपल्याकडे वसंत कॅलेंडरातच येतो. तो येतो, पण दुसरीकडे. ऑक्टोबरनंतर पाऊस थांबतो, सड्यावरचा वीतभर मातीचा थर पार वाळून जातो आणि ओल उरते ती नदी-ओहोळांच्या काठाला. फाल्गुन-चैत्रातली फुले तिथे असतात. पायाखाली थोडी, खांद्याएवढ्या झुडपांवर पुष्कळ आणि डोक्यावर त्याहून जास्त. एकाच काठावर दहा पावले वर-खाली झाले की फुले बदलतात, कारण कोण कुठे फुलणार हे पाणी ठरवते. म्हणून आमचा शिरस्ता असा की आधी पाण्याची चौकशी करायची, फुलांची नंतर.

पाणी दोन तऱ्हेने बघायचे. पहिले, खारे की गोडे. भरतीचे पाणी मांडवीतून गांजेपर्यंत, म्हणजे मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत चढते. पावसाळ्यात नदीचा लोंढा खारटपणाला मुखाकडे ढकलून ठेवतो; उन्हे वाढतात तसा लोंढा क्षीण होतो आणि खारटपणा आत सरकतो. त्यामुळे दिवाडी, चोडण, जुवे या बेटांच्या काठची फुले आणि सत्तरीतल्या म्हादईकाठची, म्हणजे वरच्या अंगाच्या मांडवीकाठची, फुले यांचे एकमेकांशी फारसे नाते नसते, नदी एकच असली तरी. दुसरे, पाणी वाहते की तुंबलेले. पावसाळा सरला की गावोगावच्या बंधाऱ्यांना फळ्या घालतात. मग वरच्या अंगाला पाणी फुगते, वाळूचे पट्टे आणि खडकांचे पाय बुडतात आणि फुलायला उघडी जागाच राहत नाही. खालच्या अंगाला मात्र घोटाभर पाणी, मोकळी वाळू, ओले खडक. फुलांसाठी चालायचे तर बंधाऱ्याच्या खाली दीड-दोन किलोमीटरवर नदीत उतरावे आणि प्रवाहाच्या उलट बंधाऱ्याकडे चढत यावे. ऊन चढून दमायला होते तेव्हा रस्ता जवळ आलेला असतो.

दिवस निवडताना एकच तारीख डोक्यात ठेवून चालत नाही. काटेसावर जानेवारीतच पाने झाडून लाल होते आणि मार्चच्या मध्यापर्यंत तिचा बहर ओसरतो. पळस, पांगारा, कौशी ही फेब्रुवारी-मार्चची मंडळी. धायटी जानेवारीत सुरू होते ती एप्रिलपर्यंत पुरते. उक्षी आणि भांडिरा फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून. सुरंगी शिगम्याच्या आगेमागे. करंज आणि वायवर्ण एप्रिलमध्ये, तर कुडा, बहावा आणि ताम्हण एप्रिलअखेर ते मे. एकाच फेरीत जास्तीत जास्त बघायचे असेल तर फाल्गुन पौर्णिमेपासून गुढीपाडव्यापर्यंतचा पंधरवडा धरावा. हिवाळा लांबला किंवा जानेवारीत अवकाळी सर येऊन गेली तर हे वेळापत्रक थोडे मागेपुढे होते. अंजनीला मात्र कोणतेच वेळापत्रक लागू पडत नाही, तिच्याबद्दल पुढे.

निघायची वेळ सूर्योदयाची. मार्चच्या मध्याला गोव्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला नदीवर पोचलेले बरे. हा हट्ट नुसत्या गारव्यासाठी नाही. कुंभ्यासारखी झाडे रात्री फुलतात आणि उजाडता उजाडता फुले टाकून देतात. आठ वाजता गेलात तर झाडाखाली पांढऱ्या-गुलाबी पुंकेसरांचे झुबके पडलेले मिळतात आणि वर नुसत्या कळ्या. दहानंतर नदीतल्या खडकांवरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना आणि कॅमेऱ्याला दोघांनाही नकोसे होते. साडेसहा ते साडेनऊ या तीन तासांत दोन किलोमीटर चालणे झाले म्हणजे चालणे बरोबर चालले आहे. चार किलोमीटर झाले असतील तर फुले मागे राहिली.

सामान थोडेच. दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, १५ सेंटिमीटरची पट्टी, पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा, कागद-पेन्सिल (पेनाची शाई ओल्या हाताने फिसकटते), माणशी दोन लिटर पाणी. पायात जुने कॅनव्हासचे बूट. रबरी चपला शेवाळलेल्या दगडावर घसरतात आणि जाड तळव्याच्या ट्रेकिंग बुटांत एकदा पाणी शिरले की दिवसभर डबडब करत राहतात. लांब बाह्यांचा सुती सदरा आणि मोज्यात खोचलेली लांब पँट हवीच. कारण पुढे येईल.

सत्तरीत पावसाळ्यात जिथे राफ्टिंग चालते तो उस्ते ते सोनाळ हा म्हादईचा पट्टा शिकायला उत्तम, कारण तिथे वाळू, खडक, दरड आणि रान असे चारही थर एकाखाली एक मिळतात. जवळच म्हादई अभयारण्य आहे. २०८ चौरस किलोमीटरच्या त्या रानात शिरायचे असेल तर वनखात्याच्या चौकीवर आधी विचारून घ्यावे. दक्षिणेकडच्यांना रिवणजवळची कुशावती सोयीची. पणसायमळची कातळशिल्पे बघायला पुष्कळ जण जातात आणि कातळावरूनच परततात. तिथून नदीत उतरले तर तासभर सहज जाईल.

पहिला थर वाळू आणि गाळाचा. इथे फुले बोटाच्या पेराहून लहान असतात, त्यामुळे उभ्याने काही दिसत नाही. उकिडवे बसायचे आणि हातभर लांबीचा तुकडा नीट बघायचा. जलपिंपळी जमिनीसरशी पसरते. तिच्या देठाच्या टोकाला काळपट बोंडूक असते आणि त्याच्या कमरेभोवती पांढरट-गुलाबी फुलांचे एकच कडे. हे कडे खालून वर सरकत जाते, म्हणजे बोंडूक जितके लांब तितकी ती फांदी जुनी. जलब्राह्मीची पाने मांसल, देठाशी निमुळती, आणि फूल फिकट जांभळे, पाच पाकळ्यांचे. मंडूकपर्णीची पाने वृक्काकार व लांब देठाची, आणि फुले पानाखाली दडलेली असतात. बाजारात दोन्हींना ब्राह्मी म्हणतात, पण नदीवर पान बघितले की घोटाळा उरत नाही. गाळ वाळून भेगाळला असेल तिथे माशिपत्रीची पिवळी बटणे मिळतील. वायंगण (उन्हाळी भातपीक) नसलेल्या शेतातून वाट जात असेल तर भाताच्या खुंटांमध्ये गोरखमुंडीचे जांभळट गोळे हमखास. ती चुरडली की उग्र वास येतो, म्हणून गुरे तिच्या वाटेला जात नाहीत आणि चरून साफ झालेल्या शेतात तीच तेवढी उरते. सत्तरीत नदीच्या पात्रात पुरण शेती करतात तिथे बांधावरून चालावे. रोपांमध्ये पाय घालून फोटो काढणाऱ्यांमुळे पुढच्या माणसाला गावात शिव्या खाव्या लागतात.

दुसरा थर पात्रातल्या खडकांचा, आणि हा आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित. पावसाळ्यातले चार महिने इथले प्रत्येक झाड पुराच्या पाण्याखाली असते. जी टिकतात त्यांची ठेवण त्या मारासाठीच असते: पाने अरुंद, फांद्या लवचीक, मुळे खडकाच्या चिरेत घट्ट. शेरणी हे त्याचे ठळक उदाहरण. पुरुषभर उंचीचे झुडूप, सगळ्या फांद्या प्रवाहाच्या दिशेने झुकलेल्या, पानाची मागची बाजू फिकट आणि खवलेदार. तिची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नर झुडपावर पानांच्या बगलेत लालसर पुंकेसरांचे गुच्छ लागतात, मादीवर हिरवट, नजरेत न भरणारे तुरे. लोक एकच झुडूप बघून "याला फुले नाहीत" म्हणतात. आजूबाजूची पाच-सहा झुडपे तपासली की दोन्ही सापडतात. तिच्याच शेजारी गुडघ्याएवढे, बारीक पानांचे, फिकट जांभळ्या फुलांचे झुडूप दिसले तर तो वैद्यांकडच्या अनेक पाषाणभेदांपैकी एक.

खडकांच्या तोंडावर, जिथे पावसाळ्यात पाणी आपटत होते तिथे, वाळक्या शेवाळासारखा तपकिरी थर दिसेल. त्यातला काही भाग शेवाळ नसून फुलझाड असतो. पाण्याखाली खडकाला चिकटून वाढायचे, पाणी उतरून खडक उघडा पडला की घाईघाईने फुलायचे, बी टाकायचे आणि उन्हात वाळून जायचे, असा त्याचा क्रम. त्याचा बहर पावसाळा ओसरल्यावर, हिवाळ्यातच होऊन जातो. मार्चमध्ये भिंगातून बघितले तर काडीएवढ्या देठावर फुटलेली बोंडे तेवढी दिसतात. ताजी फुले बघायची असतील तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये यावे लागेल. या थरावर पाय देताना जपा. वाळलेला असताना तो खरखरीत वाटतो, पण पाण्याचा शिंतोडा पडला की तेलासारखा निसटतो.

खडक संपून दरड सुरू होते तिथे धायटी. नदीकाठी ती इतकी सवयीची की कोणी थांबत नाही, आणि थांबण्यासारखे तिच्याइतके दुसऱ्या कशात नाही. फांद्या कमानीसारख्या वाकलेल्या, आणि पानांच्या बगलांतून फांदीच्या पूर्ण लांबीवर शेंदरी-लाल नळ्या. एक नळी पट्टीवर धरा: सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, किंचित वाकडी. हा लाल रंग पाकळ्यांचा नाही, तो पुष्पकोशाचा, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणाचा, आहे. पाकळ्या नळीच्या तोंडाशी सहा दातांच्या मधे अडकलेल्या असतात, इतक्या बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. पुंकेसर बारा, नळीच्या बाहेर डोकावणारे. फूल जुने झाले तरी नळी लालच राहते, म्हणून लांबून सगळे झुडूप फुललेले वाटते. ताजे फूल ओळखायचे ते बाहेर आलेल्या पुंकेसरांवरून. ते वाळून चिकटले असतील तर आत बोंड धरलेले असते. शिंजीर पक्षी हे आपल्याआधी ओळखतो आणि ताज्या नळ्यांवरच चोच घालतो, त्याच्या मागे नजर ठेवली की काम सोपे होते. आयुर्वेदात आसवे-अरिष्टे आंबवायला जी धायटीची फुले लागतात ती हीच, आणि म्हणूनच काही ठिकाणी फांद्याच्या फांद्या ओरबाडलेल्या दिसतात.

दरडीच्या वर झाडांवर चढलेली उक्षी. फेब्रुवारीअखेर ती फिकट पोपटी-पांढऱ्या गुच्छांनी झाकून जाते. हिला तर पाकळ्याच नाहीत. जे पाच भाग फुलासारखे दिसतात ते पुष्पकोशाचे, आणि फूल फळल्यावर तेच वाढून पाच कागदी पंख होतात. म्हणून एप्रिलमध्ये जी "वाळलेली फुले" वाऱ्यावर गरगरत खाली येतात ती फळे. फूल आणि फळ यांतला फरक पुंकेसरांवरून: दहा पुंकेसर दिसले तर फूल, नुसते खरखरीत पंख आणि मधे फुगीर दाणा असेल तर फळ. उक्षीखालच्या सावलीत भांडिरा असतो, रुंद पानांचा, पांढऱ्या फुलांच्या मधोमध तांबूस छटा आणि मांजराच्या मिशांसारखे बाहेर आलेले लांब पुंकेसर. त्याचा वास सकाळी सुखद, पान चुरडले तर नकोसा.

नदीला मिळणाऱ्या ओहोळांत शंभर-दोनशे पावले आत गेले की उजेड बदलतो आणि झाडेही. सीतेचा अशोक इथला. सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात तो उंच हिरवा नव्हे. हा बुटका, पसरट, कोवळ्या पानांचे तांबूस झुबके लोंबकळणारा. फुले जुन्या फांद्यांवर आणि खोडावरही फुटतात, पहिल्या दिवशी पिवळट, मग नारिंगी, मग लाल, त्यामुळे एकाच गुच्छात तिन्ही रंग असतात. रंगावरून फुलाचे वय कळते. देवराईत असेल तर झाडाला हात लावायच्या आधी गावात विचारावे. काही रायांमध्ये पडलेले पानही उचलत नाहीत, आणि म्हणूनच तिथे झाडे शिल्लक आहेत.

आता अंजनी. वर्षभर तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि मग एका सकाळी पानांखालच्या उघड्या फांद्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे गच्च पुंजके लागलेले असतात, एका टापूतल्या जवळजवळ सगळ्या झाडांवर एकदमच. आठवड्याच्या आत खेळ आटोपतो. तारीख सांगता येत नाही, पण कळ्या आधी दिसतात: फांद्यांच्या पेरांवर मोहरीएवढे गुलाबी-निळसर दाणे. दाणे दिसले की दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी डोकवावे. गावातल्या माणसाला फोन करून विचारणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. सुरंगीचेही तसेच, फक्त तिची बातमी वासाने आणि मधमाश्यांच्या आवाजाने लागते. तिच्या कळ्या जाड फांद्यांनाच चिकटून लागतात. उमलण्याआधी, भल्या पहाटे काढतात, कारण उमलल्यावर मधमाश्या हात लावू देत नाहीत. पांढऱ्या पाकळ्या लवकर गळतात आणि मधला पिवळा पुंकेसरांचा गोंडा राहतो. वळेसरात, म्हणजे सुरंगीच्या गजऱ्यात, दिसतो तो हाच. वळेसर हवा असेल तर बाजारात विकत घ्यावा. झाड कोणाच्या तरी मालकीचे असते आणि कळ्या काढणे हा जोखमीचा रोजगार आहे.

इथे थोडे न आवडणारे. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाच्या साथी झाल्या आहेत. हा आजार गोचिडींमुळे होतो आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका फुलांचाच. अंगावर चढते ती गोचिडीची पिल्ले खसखशीएवढी असतात, दिसत नाहीत. म्हणून मोज्यात खोचलेली पँट, फिकट रंगाचे कपडे, उघड्या भागाला डेपा तेल किंवा दुसरे गोचीड-प्रतिबंधक, आणि पाचोळ्यावर बसायचे नाही. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचे. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, आणि काखा, कंबर, गुडघ्यामागची जागा तपासायची. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, रॉकेल किंवा काडीचा चटका नको. त्यानंतरच्या आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आपणहून सांगावे.

खाजकुयलीच्या शेंगा याच दिवसांत वाळतात. सोनेरी लव वाऱ्यानेही उडते. अंगावर आली तर चोळू नये. चिकटपट्टी दाबून उचलावी आणि मग धुवावे. पानांची शिवून केलेली घरटी हुंबल्यांची (चावऱ्या तांबड्या मुंग्यांची), फांदी वाकवण्याआधी ती आहेत का बघावे. ओहोळाकाठच्या झुडपांत चापडा हा विषारी साप हिरव्या फांदीवर हिरवाच पडून असतो, तेव्हा हात घालण्याआधी डोळे घालावेत. सिगारेट, चूल, अगरबत्ती काहीही नको. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात लागलेले वणवे अजून कोणी विसरलेले नाही.

फूल ओळखायचे तर एका सुंदर फोटोने भागत नाही. आम्ही प्रत्येक झाडाचे किमान सहा घेतो: सगळे झाड आजूबाजूच्या जागेसह, पानाची वरची बाजू, खालची बाजू, पाने फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक ते दाखवणारा, फूल समोरून, आणि फूल मागून. शेवटचा बहुतेकांचा राहतो आणि ओळख तिथेच अडते, कारण पुष्पकोश मागून दिसतो. मागे पांढरा पुठ्ठा धरला की मोबाइलचा फोकस भरकटत नाही. लाल आणि पांढऱ्या फुलांना उजेड एक पायरी कमी करावा, नाहीतर सावरीच्या पाकळीचा नुसता लाल डाग येतो. मोबाइलमधले ओळख सांगणारे ॲप पहिल्या झटक्यात बहुधा बागेतला जवळचा नातलग सुचवते. कुळापर्यंत त्याचे ऐकावे, जातीसाठी पाने आणि पुष्पकोश आपण ताडून बघावेत. फूल तोडण्याची गरज क्वचितच पडते. खाली पडलेले उचलून उघडावे. अभयारण्यात तोडणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.

खाऱ्या पट्ट्यातली फेरी खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताच्या, बांधावरून करायची. चोडणला रायबंदरहून, दिवाडीला जुन्या गोव्याहून फेरीबोटीने जाता येते. इथे घड्याळाइतकेच पंचांग लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा ढोबळ तास मिळतो: अष्टमीला सहा, द्वितीयेला दीड. गोव्यात भरती या हिशेबाच्या थोडी आधी येते, आणि नदीत जितके आत जाल तितका उशीर. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे सकाळी सात-आठच्या दरम्यान ओहोटी हवी तर पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया धरावी. तेव्हा उधाणही असते, पाणी पार खाली जाते आणि बांधाचा पाय उघडा पडतो. बांधाचा नुकता भराव घातलेला भाग टाळावा, वरून वाळलेला चिखल आत मऊ असतो. मानशीच्या, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या मोरीच्या, दारांवर चढू नये.

बांधाच्या चिखलाकडच्या अंगाला मारांडी. पाने काटेरी, त्यांवर कधी कधी मिठाचे कण चमकतात, आणि फुले निळसर जांभळी. या फुलाला वरचा ओठ नाहीच. खालचा रुंद ओठ तेवढा पुढे येतो आणि त्यावर भुंगा उतरला की चार केसाळ पुंकेसर त्याच्या पाठीला घासतात. बांधाच्या माथ्यावर दोन पिवळी फुले सारखी गोंधळात टाकतात: भेंड, म्हणजे परसपिंपळ, आणि बेलपाटा. दोन्हींची पाने बदामाच्या आकाराची, दोन्हींचे फूल सकाळी पिवळे, पोटात गडद डाग, आणि गळेपर्यंत तांबूस. पान उलटे करा. खाली पांढुरकी मऊ लव लागली तर बेलपाटा, दोन्हीकडे गुळगुळीत तर भेंड. फुलात बघायचे तर बेलपाट्याच्या मधल्या दांड्याचे टोक पाच फाट्यांचे असते, भेंडीचे एकसंध. चिपीचे फूल संध्याकाळी उमलते, सकाळी तिच्याखाली चिखलावर पुंकेसर पसरलेले असतात. हुऱ्याच्या, म्हणजे गेव्याच्या फांदीला हात लावू नये. त्याचा पांढरा चीक कातडीवर फोड आणतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततो. कुंभारजुवे कालव्याच्या बाजूला मगरी आहेत. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा अंडी घालण्याचा काळ, तेव्हा चिखलात उतरायचे नाही, बांधावरूनच बघायचे. पौष अमावास्येला मांगे थापणीत मातीच्या मगरीची पूजा करणारी खाजनातली गावे हे अंतर पिढ्यान्‌पिढ्या पाळत आली आहेत.

काठाकाठाने पसरलेला चकचकीत हिरव्या पानांचा पिवळ्या फुलांचा गालिचा दिसला की लोक आनंदाने आडवे होऊन फोटो काढतात. ती अमेरिकेतून बागेसाठी आणलेली वेडेलिया, आणि तिच्याखाली जलपिंपळी, माका, ब्राह्मी काहीच उरत नाही. काठावरची गुलाबी गिरीपुष्पाची झाडे, घाणेरी, रानमोडी हीही तशीच पाहुणी. त्यांचीही नोंद ठेवावी, निराळ्या पानावर: किती पावले काठ त्यांनी व्यापला आहे एवढी. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा पावले मोजता येतात.

बाकी नोंदीत तारखेबरोबर तिथी, वेळ, पाण्यापासूनची उंची (घोटा, गुडघा, पुरुषभर, त्याहून वर एवढे पुरे) आणि बंधाऱ्याच्या फळ्या होत्या की काढल्या होत्या हे लिहावे. पावसाच्या आधी फळ्या काढतात तेव्हा बंधाऱ्यावरचा बुडालेला काठ पुन्हा उघडा पडतो. त्या सुमारास ताम्हण जांभळे झालेले असते आणि निवराच्या माळा पाण्यावर लोंबायला लागतात, त्यामुळे मेअखेरची एक फेरी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला करावी.